देवाला तेच तेच किती वेळा सांगायचं?

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं मी एकच प्रार्थना करते आहे, ह्यांची दारू सुटू दे. उपास केले, रात्र-प्रार्थनेला बसले. मध्ये चार महिने सुटली होती, ह्यांनी मंडळीपुढे साक्षसुद्धा दिली. मग पुन्हा सुरू. आता रोज लागते, सकाळी हात थरथरतात. आमचे पाळकसाहेब म्हणतात, "विश्वासाने एकदा मागितलं की मिळालं म्हणून आभार मानायचे. पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे अविश्वास." पुढच्या महिन्यात ह्यांना तीन दिवस उपास-प्रार्थनेला बसवून दारू तोडायची, असंही ते म्हणतात. प्रार्थना-गटातल्या बहिणी सांगतात, "हक्काने आज्ञा कर. कुठेतरी तुझाच विश्वास कमी पडतोय." सासूबाईंचं म्हणणं, "देवाला काय तुझं एकटीचंच काम आहे?" जूनमध्ये धाकट्याच्या फीचे पैसे मी तूरडाळीच्या डब्यात ठेवले होते, तेही गेले. त्या रात्री ओट्यावर उलथनं आपटून मी देवाला ओरडले, "तुला ऐकू येत नाही का?" मुलं जागी होती. तेव्हापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. मी मागत राहू की थांबू? आणि मुलांना काय सांगू?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय भगिनी, सलाम.

मागत राहा. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र लांबणार आहे आणि तुम्हाला ते बहुतेक कामं आटोपल्यावर, रात्री उशिरा वाचायला मिळेल.

पाळकसाहेबांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते. त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांचा हा नियम प्रभू येशूलाच लावून बघा. गेथशेमाने बागेत त्याने बापाकडे मागितलं, की हा प्याला माझ्यापासून दूर कर. उठून शिष्यांकडे आला, ते झोपलेले. परत गेला आणि पुन्हा प्रार्थना केली. शुभवर्तमान लिहिणारा मार्क स्पष्ट सांगतो, की दुसऱ्यांदा त्याने तेच शब्द वापरले. मत्तय त्यात तिसरी खेप घालतो, तेव्हाही तेच शब्द. एका रात्रीत, एका बागेत, एकच मागणं तीनदा. आता यात अविश्वास कोणाचा म्हणायचा? डोंगरावरच्या प्रवचनात 'बडबड करू नका' असं प्रभू सांगतो, ते वचन पाळकसाहेबांच्या मनात असावं. पण तिथे कानउघाडणी आहे ती खूप बोललं की देव ऐकतो असं समजणाऱ्यांची. पोटात तुटतं म्हणून तेच वाक्य पुन्हा तोंडी येणाऱ्या बाईची ती नाही.

लूकच्या अकराव्या अध्यायात एक शिष्य म्हणतो, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. प्रभू त्यांना प्रभूची प्रार्थना शिकवतो आणि तिची शाई वाळायच्या आत एक गोष्ट सांगतो. मध्यरात्री एकाच्या घरी पाहुणा येतो आणि घरात भाकर नाही. तो शेजारच्या मित्राचं दार ठोठावतो : तीन भाकरी उसन्या दे. आतून उत्तर येतं, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ निजलीत, मला उठवत नाही. त्या काळची गरिबाची घरं एका खोलीची असत. सगळे ओळीने निजलेले, दाराला आडणा. एक जण उठला की सगळं घर उठणार. म्हणजे आतल्या माणसाची सबब खोटी नाही. तरी तो उठतो. मैत्रीखातर नव्हे, तर बाहेरचा लाज सोडून मागतोय म्हणून. आणि या गोष्टीला लागूनच ते वचन येतं, जे तुमच्या-आमच्या घरी कॅलेंडरवर असतं : "मागा म्हणजे तुम्हांला मिळेल, शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल, ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडले जाईल." कॅलेंडरवर त्याच्याभोवती गुलाबाची फुलं असतात, त्यामुळे ते अर्ध्या रात्री दार बडवणाऱ्या माणसाला लागून आलेलं वचन आहे हे आपण विसरतो. आणखी एक पाहा. तो माणूस स्वतःसाठी मागत नव्हता, घरी आलेल्या दुसऱ्यासाठी मागत होता. तुम्हीही तेच करताय.

लूकच्याच अठराव्या अध्यायातली न्याय मागणारी विधवा तुम्हाला ठाऊक आहेच. निराधार योजनेच्या पैशांसाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या बायका पाहिल्यात ना, एका हातात पिशवी आणि पिशवीत झेरॉक्स? तशीच ती. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, तिच्या कटकटीला कंटाळून निकाल देतो. इथे पुष्कळांची गल्लत होते. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, त्याला बेजार केल्याशिवाय तो हलत नाही, असं प्रभू म्हणत नाही. तो उलट म्हणतो : असा माणूससुद्धा अखेर ऐकतो, तर देव आपल्या लोकांचं ऐकणार नाही का? सासूबाईंना हवं तर हे वाचून दाखवा, पण भांडणाच्या सुरात नको. अकरा वर्षं त्याही आपल्या मुलाकडे बघतायत. 'देवाला काय तुझं एकटीचंच काम' हे मला टोमण्यापेक्षा थकवा वाटतो.

आता तुमच्या प्रार्थना-गटाबद्दल. इथे मला जरा कडक बोलावं लागेल.

'तुझा विश्वास कमी पडतोय' हे वाक्य बोलणाऱ्याला फुकट पडतं आणि ऐकणाऱ्याला फार महाग. ज्या बाईच्या घरात महिना अखेरीला डबे रिकामे होतात, तिच्यावर नवऱ्याच्या व्यसनाचा दोषही तुम्ही टाकता? सोर आणि सीदोनच्या बाजूला एक कनानी बाई प्रभूच्या मागे ओरडत गेली, मुलीसाठी. तो आधी गप्प राहिला. शिष्य म्हणाले, हिला लावून द्या, ही आपल्यामागे ओरडतेय. मग प्रभूचे शब्दही तिला कठीणच होते, मुलांची भाकरी कुत्र्यांना टाकणं बरं नाही. त्यावर तिने त्याच शब्दांना धरून उत्तर दिलं, की धन्याच्या मेजाखाली पडलेला चुरा कुत्रीही खातातच की. तिने आज्ञा केली नाही, हक्क गाजवला नाही. ती फक्त हटली नाही. आणि 'तुझा विश्वास मोठा आहे' हे प्रभूच्या तोंडचं प्रशस्तिपत्रक मिळालं ते तिला, ओरडणारीला आणि उलट बोलणारीला. तिला घालवून द्या म्हणणाऱ्या शिष्यांना नाही.

धैर्याने मागणं आणि हुकूम सोडणं यात फरक आहे. इब्री लोकांच्या पत्रात आपल्याला 'धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ' असं सांगितलंय. राजासन आहे, म्हणजे त्यावर बसलेला कोणीतरी आहे, आणि आपण त्यावर बसलेलो नाही. पुन्हा जे मागतोय ते दुसऱ्या माणसाच्या मनाबद्दल. देव तुमच्या नवऱ्याला हाक मारेल, अडवेल, माणसं पाठवेल. पण त्याला हात पिरगाळून स्वतःकडे ओढून नेईल, असं शास्त्रात मला कुठे दिसत नाही. म्हणून दारू सुटली नाही याचा हिशेब तुमच्या विश्वासाच्या खात्यावर मांडायचा नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, उत्तर मात्र मिळालं : "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायला तुमच्या गटात कोणी तयार आहे का, विचारा एकदा.

(गट व्हॉट्सॲपवर असेल तर एक जास्तीची सूचना. 'प्रार्थना विषय' म्हणून टाकलेली घरची गोष्ट संध्याकाळपर्यंत तालुक्याची बातमी होते. सगळ्या गटाला सांगण्यापेक्षा दोन बायका निवडा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते. अमालेकाशी लढाई चालली असताना प्रार्थनेत वर धरलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर या दोघांनीच ते धरून ठेवले होते.)

त्या जूनच्या रात्रीचं. तुम्ही ते पाप म्हणून लिहिलंय. स्तोत्रसंहिता उघडून चव्वेचाळीसावं स्तोत्र वाचा. तिथे देवाला सरळ विचारलंय, जागा हो, का झोपलास? तेराव्यात, कोठवर विसरणार? अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी एक ओळसुद्धा आशेची नाही. आणि हे सगळं लोकांनी देवळात गायचं म्हणून जपून ठेवलं. उलथनं आपटून तुम्ही जे बोललात, त्याहून ते फार निराळं नाही. तुम्ही शेजारणीकडे देवाची तक्रार केली नाहीत, देवाकडेच केलीत. त्याला ऐकू येतं असं आत कुठेतरी पक्कं वाटत असल्याशिवाय कोणी असं ओरडत नाही.

प्रभुभोजन कोणी तुमच्यासाठी बंद केलेलं नाही. ते तुम्ही स्वतःच बंद करून घेतलंय. पुढच्या वेळी जा. आधी पाळकसाहेबांना सगळं सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर नका सांगू. जुन्या करारातली हन्ना मूल व्हावं म्हणून मंदिरात ओठ हलवत रडत होती, तेव्हा एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आलीय. याजकांचाही अंदाज चुकतो. एलीचा मोठेपणा हा, की तिने खरं सांगितल्यावर त्याने जागच्या जागी आपला शब्द फिरवला आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवलं. तुमच्या पाळकसाहेबांनाही ती संधी द्यायला हरकत नाही.

आणि ती संधी लवकर द्या, कारण तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेची गोष्ट मला फार खटकली आहे. रोज पिणाऱ्या, सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, कशाचं भान राहत नाही, वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जाऊ शकतो. यात सैतान नसतो. सवयीची दारू अचानक बंद झाल्यावर मेंदू खवळतो, त्याचं हे शरीरातलं कारण आहे आणि त्यावर औषध आहे. वर पोटात अन्न नाही, म्हणजे आणखी धोका. पाळकसाहेबांना सांगा, प्रार्थना जरूर करू, पण दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांनी ऐकलं नाही तर तुम्ही नवऱ्याला पाठवू नका. यात देवाची अवज्ञा होत नाही.

इथे तुम्हाला एक हकिकत सांगते. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावची, 1935 सालची. तिथे बॉब स्मिथ नावाचे एक सर्जन होते आणि ते पक्के दारुडे होते. ते आणि त्यांची बायको एका ख्रिस्ती प्रार्थना-गटात जात. गटातल्या हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंच्या लक्षात डॉक्टरांचं दुखणं आलं होतं. शेवटी एका बैठकीत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की मी गुपचूप पितो आणि मला थांबता येत नाही. गट त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर आला. त्यानंतर डॉक्टर पीतच राहिले. काही दिवसांनी हेन्रिएटाबाईंना एका अनोळखी माणसाचा फोन आला. न्यूयॉर्कचा बिल विल्सन, धंद्यानिमित्त गावात आलेला, धंदा बुडालेला, हॉटेलात एकटा. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती आणि त्या संध्याकाळी हॉटेलच्या बारमधला आवाज त्याला खुणावत होता. बारमध्ये जाण्याऐवजी त्याने पाळकांच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली होती. त्याला काय हवं होतं, तर बोलायला दुसरा एखादा दारुडा. बाईंनी हा फोन म्हणजे आपल्या प्रार्थनेचं उत्तर मानलं. दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी, दोघांची भेट घडली. डॉक्टर पंधरा मिनिटं बसतो म्हणून आले आणि कित्येक तास बोलत बसले.

आपल्या मंडळीतली साक्ष इथे संपली असती. पण डॉक्टर त्यानंतर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन पडले. लोक त्यांना सावरून घरी घेऊन आले. 10 जून 1935 हा त्यांचा शेवटच्या पेल्याचा दिवस मानतात, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए.ए.) ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना आपला जन्म त्याच दिवशीचा धरते.

हे एवढं सविस्तर सांगितलं ते दोन कारणांनी. तुमच्या नवऱ्याचे ते चार महिने फुकट गेले, साक्ष खोटी ठरली, असं तुम्हाला वाटतंय. ती खोटी नव्हती. दारू सुटून पुन्हा लागणं हा या आजाराचाच भाग आहे, आणि मंडळीने माणसाला चार महिन्यांत व्यासपीठावर उभं करण्याची घाई केली, एवढंच म्हणता येईल. साक्ष दिलेला माणूस पुन्हा प्यायला की लाजेने मंडळीत येत नाही, आणि मग पिण्याला आणखी एक कारण मिळतं.

दुसरं कारण तुमच्या प्रार्थनेच्या शब्दांचं आहे. 'दारू सुटू दे' हे मागत राहाच. पण त्याबरोबर लहान, ठोस गोष्टी मागा. ह्यांना दारू सोडलेला एक माणूस भेटू दे. ह्या महिन्यात डॉक्टरकडे यायला हो म्हणू दे. फी भरायची सोय होऊ दे. नेमकं मागितलं की डोळे नेमकं शोधायला लागतात. आणि मग मागितलेल्या दिशेने पाऊलही टाका. महाराष्ट्रात ए.ए.च्या मराठीतून बैठका होतात, पैसे पडत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. नवरा गेला नाही तरी तुम्ही जाऊ शकता, आणि माझं मत विचाराल तर आधी तुम्हीच जा. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे, तिथे राहून उपचार होतात. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत हेल्पलाइन नंबर आहे. तुम्ही ह्यांनी हात उचलल्याचं लिहिलेलं नाही. तसं कधी झालं तर मुलांना घेऊन बाहेर पडा, 112 लावा. तेव्हा घरातच गुडघे टेकून बसायचं नाही. गुडघे माहेरीही टेकता येतात.

'पावलं उचलली म्हणजे विश्वास डळमळला' असं कोणी म्हणालंच, तर त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण द्या. केडगावच्या मुक्तिसदनात (दौंडजवळचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे) 1905 साली रोज दोन वेळा शेकडो मुली-बायका प्रार्थनेला बसत. त्याच बाई 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना गोळा करून आणत होत्या. आणि त्यांचंही प्रत्येक मागणं मनासारखं झालं, असं आयुष्य नव्हतं. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली होती, आणि मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही.

कधी थांबायचं, असा एक प्रश्न तुमच्या पत्रात लपलेला आहे. पौल थांबला तो उत्तर मिळाल्यावर. तुम्हाला अजून उत्तर आलेलं नाही, तर थांबायचं कारण नाही. पण रोज रात्री तासभर रडून मागितलंच पाहिजे, असा दंडकही स्वतःला घालू नका. काही दिवस एक वाक्य पुरे. काही दिवस तेही होणार नाही, तेव्हा त्या दोन बायकांना सांगा, आज माझ्या वाटचं तुम्ही मागा. उपास मात्र सध्या बंद करा. तुम्ही कामाला जाता, मुलांचं करता, रात्री जागता. अशक्त बाईने आणखी उपाशी राहावं, अशी अपेक्षा मला पवित्र शास्त्रात सापडत नाही.

राहिली मुलं. त्यांनी सगळं ऐकलंय, तेव्हा काही झालंच नाही असं दाखवू नका. थोरल्याला एकट्याला घ्या आणि सरळ सांगा : बाबांना दारूचा आजार आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही. त्या रात्री आईला फार राग आला होता आणि तिने तो देवाला सांगितला. देव त्यावरून आईवर चिडलेला नाही. धाकट्याला याहून कमी शब्दांत. झोपताना त्यांना बाबांसाठी प्रार्थना करायची असेल तर करू द्या, त्यांच्या शब्दांत, कितीही वेडीवाकडी. फक्त 'तू नीट प्रार्थना केलीस तर बाबा पिणार नाहीत' हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून, आजीच्याही, जाऊ देऊ नका. बाबा दुसऱ्या दिवशी पिऊन आले की सात वर्षांचं पोर स्वतःला अपराधी धरतं. आणि फीचं शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोला. हप्ते मागा, लाजू नका.